पाण्याआधीची वाट

मी सोलापूरची. आमच्या गल्लीत 'पाणी आलं' अशी हाक ऐकू आली की बायका हातातलं टाकून घागरी घेऊन नळाकडे धावतात. त्यामुळे 'पाणी आलं' म्हटल्यावर उलट्या दिशेनं कसं धावायचं, हे कर्जत-खालापूरच्या लोकांना शिकवायला मी निघाले आहे असं सांगितलं, तेव्हा शेजारणीला हसू आवरेना. "तिकडून येताना थोडं पाणी घेऊनच या," ती म्हणाली.

शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवलं. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घेतलं. आता एका लहानशा संस्थेबरोबर गावोगाव जाऊन मी लोकांना साध्यासुध्या गोष्टी शिकवते. पूर आला, दरड कोसळली, आग लागली, तर पहिल्यांदा काय करायचं आणि काय करायचं नाही, एवढंच. सोबत कदमसाहेब असतात. ते अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. आवाज असा खणखणीत की कानात बोलले तरी पलीकडच्या बाकावरचा माणूस वळून बघतो. मे महिना संपत आला होता. पावसाच्या आत जेवढी गावं होतील तेवढी करायची होती.

कर्जत

कर्जत स्टेशनावर उतरून पहिलं काम केलं ते बटाटेवडा खाण्याचं. दुसरं काम आपोआप झालं. आमचा हाताने फिरवायचा भोंगा गाडीतच राहिला आणि गाडी पुढे निघून गेली. कदमसाहेबांनी वडा हातात धरून फलाटावर थोडं धावून पाहिलं, पण वडाही पडला आणि भोंगाही गेला. भोंग्याशिवाय पुराची तालीम म्हणजे सनईशिवाय लग्न, असं ते दिवसभर म्हणत राहिले.

आमची राहायची सोय सुधाताईंकडे होती. त्या कर्जतच्याच, तिथल्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. अंगणात फणस, मागच्या बाजूला जांभूळ, आणि ओट्यावर सदैव कोणीतरी सल्ला विचारायला आलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली. आमच्या ज्वारीच्या भाकरीचा आवाज तीन घरं ऐकू जातो. इकडची भाकरी गुपचूप, पाण्याच्या हाताने थापलेली, मऊ. मी उत्साहाने एक करायला घेतली. ती परातीतून तव्यापर्यंत जाताना दोन ठिकाणी फाटली. सुधाताईंनी ती शांतपणे पुन्हा गोळा करून मळली आणि म्हणाल्या, "तुम्ही पुराचंच शिकवा."

साजगाव

साजगावला आजूबाजूला कारखाने. तिथे पाण्यापेक्षा वाऱ्याचा धडा महत्त्वाचा. कुठे वायुगळती झाली तर वारा कुठून कुठे वाहतो ते आधी बघायचं, ओलं फडकं नाकातोंडाला धरायचं, आणि वाऱ्याच्या पुढे पुढे न पळता त्याला आडवं निघायचं. हे नुसतं सांगून डोक्यात राहत नाही, म्हणून कदमसाहेब मूठभर पीठ हवेत उडवून दाखवतात.

समाजमंदिरासमोरच्या पटांगणात पाळी संपवून आलेले कामगार, त्यांच्या बायका, शाळा सुटलेली मुलं असे बरेच जण जमले होते. साहेबांनी खणखणीत आवाजात विचारलं, वारा कुठून येतोय. सगळ्यांनी खोपोलीच्या बाजूला हात केले. साहेबांनी पीठ उडवलं आणि नेमक्या त्याच क्षणी वारा फिरला. साहेबांच्या मिशा, भुवया, नवा निळा शर्ट, सगळं पांढरं झालं. मोठा हशा पिकला. मग साहेबांनीच चेहरा न पुसता सांगितलं की हाच आजचा मुद्दा आहे, वारा फिरतो, म्हणून एकदा बघून भागत नाही, पळता पळताही बघत राहायचं. पुढच्या चार वर्गांत त्यांनी मुद्दाम पीठ अंगावर घेतलं. लोकांच्या ते इतकं चांगलं लक्षात राहिलं.

खालापूर

खालापूरला तालुक्याच्या अंगणवाडी सेविका एकत्र आल्या होत्या. यातल्या बऱ्याचजणी डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांवर काम करणाऱ्या. सकाळी दरडीबद्दल बोललो. उतारावर नव्या भेगा दिसल्या, खांब किंवा झाडं कलली, दारं अचानक अडकायला लागली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर कोणाच्या निरोपाची वाट बघायची नाही, माणसं हलवायची. इकडच्या डोंगरांचं भय पुस्तकातलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. एकीने हळूच विचारलं की माणसं हलली, पाऊस थांबला, काहीच झालं नाही, आणि लोक मला हसले तर? मी म्हटलं, हसण्यासाठी सगळे असतील ना, मग हसू देत.

दुपारी छाती दाबून श्वास परत आणण्याचा सराव होता. त्यासाठी आमच्याकडे रबरी बाहुला असतो, कमरेपर्यंतचा, उघड्या अंगाचा. सेविकांनी त्याच्याकडे बघून पदर तोंडाला लावले. मग एकीने आपला नॅपकिन त्याच्या खांद्यावर पांघरला, दुसरीने टिकली लावून पाहिली आणि तो पुरुष आहे असं ठरल्यावर काढली. शेवटी त्याचं नाव 'जावई' पडलं. जावयाला वाचवायचं म्हटल्यावर प्रत्येकीने असा काही जोर लावला की कदमसाहेबांना मध्ये पडावं लागलं. परतताना रस्त्याकडेला एक बाई पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं विकत होती. आम्ही ती खात खात एसटीची वाट पाहिली, आणि जावई पोत्यातून डोकं बाहेर काढून बाकावर बसला होता.

नदीकाठचं गाव

ज्या गावासाठी हे सगळं लिहायला बसले, त्याचं नाव मी सांगणार नाही. गोष्ट एका घराची आहे आणि ते घर मला आवडलं. कर्जत तालुक्यातलं, उल्हास नदीच्या काठचं भातशेतीचं गाव एवढं पुरे. खालची आळी नदीला लागून, वरची आळी देवळाच्या उंचवट्यावर. मोठा पाऊस झाला की पाणी खालच्या आळीत शिरतं. तेव्हा खालच्यांनी देवळात यायचं, हे ठरलेलंच होतं.

पहिल्या दिवशी देवळाच्या सभामंडपात सभा झाली. पुढच्या खुर्चीवर बाळाराम पाटील बसले होते. गाव त्यांना बाळाशेठ म्हणतं. पन्नाशीचे, वीटभट्टीचे मालक, जमिनीचे व्यवहार करणारे, बोलायला अगदी मोकळे. सभेचा चहा आणि वडे त्यांच्याकडूनच होते. त्यांच्या शेजारी त्यांची आई बसली होती. तिला सगळे अंबूआजी म्हणायचे. गुडघे गेलेले, पण नजर आणि जीभ दोन्ही शाबूत. तिने मला जवळ बोलावून विचारलं, "तुझ्या गावाला नदी हाय का गं?" मी म्हटलं, आहे, पण तिच्यात पाणी असेलच असं नाही. तिला माझी फार कीव आली.

मग आम्ही फरशीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढायला सांगितला. हा खेळ सगळीकडे रंगतो. बायकांनी नदी काढली, घरं, विहीर, शाळा, ट्रान्सफॉर्मर, म्हातारी माणसं कुठे राहतात, कोणाकडे लहान बाळ आहे, सगळं भराभर मांडलं. मग मी म्हटलं, आता खालच्या आळीतून देवळात यायची वाट दाखवा. रांगोळीची रेघ निघाली ती आळीच्या टोकाला आली, तिथे थबकली, आणि वळसा घेऊन डांबरी रस्त्याने, ओढ्यावरच्या बुटक्या मोरीवरून फिरून देवळात पोचली. दुसऱ्या बाईनेही तसंच केलं. तिसरीनेही.

डोळ्यांना दिसत होतं की आळीच्या टोकापासून देवळापर्यंत सरळ चढ आहे. मध्ये फक्त एक आमराई. मी विचारलं, इकडून सरळ का नाही?

कविता नावाची एक तरुण सून होती, नेरळला एका दुकानात हिशेबाचं काम करणारी, सगळ्यात उत्साही. तिने आपल्या रांगोळीने भरलेल्या हातांकडे बघत सांगितलं, "तिकडनं वाट नाय." मी विचारलं, पावसात मोरीवर पाणी येतं का? ती म्हणाली, मोरीच पहिली बुडते. आणि मग तीच चहा आणायला उठून गेली.

ती आमराई बाळाशेठची होती, हे मला संध्याकाळी सुधाताईंकडून कळलं. पूर्वी वाट तिच्यातूनच जायची. अलीकडे त्यांनी तारेचं कुंपण घालून लोखंडी गेट बसवलं होतं आणि कुलूप लावलं होतं. मुंबईचा एक माणूस फार्महाऊससाठी ती जागा घेणार होता. सगळ्या गावाला हे माहीत होतं, पण बाळाशेठ अडीनडीला धावून येणारा माणूस. रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं तर गाडी त्यांचीच. त्यांना तोंडावर कोण बोलणार?

कदमसाहेब म्हणाले, उद्या तालमीत मी मोरी बुडवतो. मग बघू.

तालीम

भोंगा नव्हता, म्हणून धोक्याची खूण कोणती हा प्रश्न होता. देवळाची घंटा चालणार नव्हती, ती दिवसभर कोणीतरी वाजवतंच. गावात लग्न-हळदीला वाजवणारी बेंजो पार्टी होती, तिचा ढोल आळीभर ऐकू जातो. ढोलवाल्याला साहेबांनी समजावलं की सलग, न थांबता, एकाच ठेक्यात वाजव. तो मान डोलावून गेला. ठरलेल्या वेळी ढोल घुमला, आणि चार ठोक्यांतच त्याचा हात सवयीने हळदीच्या ठेक्यावर गेला. खालच्या आळीतून पोरं नाचत बाहेर आली. दोन मावश्याही. साहेबांनी धावत जाऊन ढोल थांबवला आणि सगळ्यांना परत घरी पाठवून पुन्हा सुरुवात केली.

दुसऱ्यांदा मात्र छान जमलं. घराघरातून माणसं निघाली. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, औषधं, बॅटरी, पाण्याची बाटली. मुख्य बटण बंद केलंय का, गॅस बंद केलाय का, बायका एकमेकींना विचारत होत्या. एकीने कोंबड्यांची डालगी डोक्यावर घेतली होती. साहेब काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली की ही तालीम कोंबड्यांची पण आहे.

बाळाशेठचं घरही खालच्याच आळीत होतं, आणि अंबूआजी स्वतःहून तालमीतली आजारी माणूस झाली होती. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधून चौघांनी तिला उचललं. डोक्यावर पदर, मांडीवर पानाची चंची, आणि चेहऱ्यावर पालखीत बसल्याचं समाधान.

मोरीपाशी सगळे थांबले. साहेबांनी रस्त्यावर आडवी लाल साडी बांधली होती. इथे पाणी आहे, कमरेच्या वर, त्यांनी जाहीर केलं. वाहत्या पाण्यात पाय घालायचा नाही हे आम्ही आदल्या दिवशीच शिकवलं होतं, त्यामुळे कोणी पुढे होईना. एकमेकांकडे बघणं सुरू झालं. तेव्हा आजी म्हणाली, "आमराईतनं चला."

खुर्ची वळली. गेटपाशी येऊन थांबली. मागे सगळी आळी, पिशव्या, पोरं, कोंबड्या. बाळाशेठ बरोबरच चालत होते, आपल्या आईच्या खुर्चीला हात लावून. कुलपाकडे बघून ते हसले आणि म्हणाले, "तालीमच हाय ना. गेट उघडं हाय असं समजा."

"आन पाणी?" आजीने विचारलं. "ते बी समजून घेईल?"

बाळाशेठ म्हणाले, किल्ली घरी राहिली आहे, एवढ्यासाठी कुठे परत जाता. आजीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"कमरंला हाय तुझ्या, बाळा."

ऊन चांगलंच तापलं होतं. बाळाशेठचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता हा माणूस आम्हाला दोघांना गावाबाहेर काढणार, आणि त्याला तसा हक्कही आहे. खुर्ची धरणाऱ्या चौघांपैकी एकाने दोनदा हात बदलला, तरी खाली ठेवा असं आजी म्हणेना. शेवटी बाळाशेठनी शर्ट वर करून जुडगा काढला. कुलूप जुनं, गंजलेलं होतं, किल्ली फिरेना. कविता पुढे झाली आणि डोक्याला लावायच्या तेलाची बाटली आपल्या पिशवीतून काढून तिने कुलपात थेंब सोडले. कुलूप उघडलं. गेट कुरकुरत मागे गेलं आणि सगळी आळी आमराईतून वर चढली. पायवाट अजून तशीच होती, नुसतं गवत माजलं होतं. वाटेत पोरांनी पडलेले आंबे उचलले आणि मी ते पाहिलं नाही.

देवळात पोचल्यावर हजेरी झाली. कदमसाहेबांनी शाबासकी दिली. पण बाळाशेठ वर आले नव्हते. ते आमराईतच एका झाडाखाली बसले होते. मी खाली गेले आणि जरा अंतर ठेवून बसले.

त्यांनी पडलेला एक आंबा उचलून बाजूला ठेवला. मग सांगायला लागले. भट्टीचं काम आता पूर्वीसारखं राहिलं नाही, मुलीला पुढे शिकायला बाहेर पाठवायचं आहे, हा व्यवहार त्यासाठी आहे. घेणाऱ्याची अट एकच, जागेतून कोणाची वहिवाट नको. वाट आहे असं दिसलं तर तो माघार घेईल. गावाचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात कधीच नव्हतं. पाणी काय दरवर्षी येत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

मी काहीतरी म्हणायला गेले. ते म्हणाले, "तुमी उद्या जाल बाई. मला हितंच ऱ्हायचंय."

ते खरं होतं. मी एवढंच म्हटलं की आईंनी तुम्हाला लोकांसमोर बोलायला नको होतं. त्यावर त्यांनी मान हलवली. म्हणाले, ती घरात केव्हापासून बोलत होती, मीच ऐकलं नाही, म्हणून ती आज खुर्चीत बसली.

दुपारी देवळात पंगत होती. तांदळाची भाकरी, कैरी घातलेली सुकटीची आमटी, फणसाची भाजी. बाळाशेठ येतील का याकडे सगळ्यांचं लक्ष होतं, कोणी दाखवत नसलं तरी. ते आले, हात धुतले, आणि बसायच्या ऐवजी भाकऱ्यांची टोपली घेऊन वाढायला लागले. आईच्या पानापाशी आल्यावर आजी म्हणाली, "अर्धीच दे रं." त्यांनी पूर्ण वाढली. मग पंगतीत बोलणं सुरू झालं.

परत

दुसऱ्या दिवशी आम्हाला कर्जत स्टेशनावर सोडायला बाळाशेठ आपली गाडी घेऊन आले. वाटेत पेरणीचं बोलले, कदमसाहेबांच्या मिशांबद्दल बोलले, आमराईबद्दल काही नाही. आम्हीही विचारलं नाही. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून आंब्यांची पिशवी आत दिली आणि मी घेतली.

सोलापूरला आल्यावर मी हे सगळं शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, मग पुढे काय झालं? मला माहीत नव्हतं. गावोगाव फिरण्यात हेच एक दुखणं आहे. आपण धडा देऊन निघून येतो आणि परीक्षा आपल्या मागे होते.

श्रावणाच्या आधी एका दुपारी कविताचा फोन आला. मागे खूप गलका ऐकू येत होता, म्हणून मी आधी घाबरले. ती देवळातून बोलत होती. सकाळपासून धो धो पाऊस होता, मोरी बुडाली, मग पाणी आळीत शिरलं. ढोल वाजला. ठेका बरोबर होता, असं तिने मुद्दाम सांगितलं. सगळे वर आले होते, कोंबड्यासुद्धा, आणि आता वरच्या आळीच्या बायका चुलीवर कांदाभजी तळत होत्या.

मी विचारलं, गेट?

गेट आता नव्हतंच. पहिलं गिऱ्हाईक माघारी गेलं होतं. बाळाशेठनी आमराईच्या कडेने बैलगाडी जाईल एवढी पट्टी सोडून कुंपण आत सरकवलं होतं आणि उरलेली जागा पनवेलच्या एका डॉक्टरीणबाईंनी घ्यायची कबूल केली होती. त्यांना वाटेचं काही वाटलं नाही. उलट, आपणही याच वाटेने देवळात येऊ, असं त्या म्हणाल्या होत्या.

मग मी आजीची चौकशी केली. खुर्ची नीट बांधली होती ना, चौघं वेळेवर आले ना? कविता हसायला लागली. तिने सांगितलं की बांबू बांधून खुर्ची दारात तयार ठेवली होती आणि बाळाशेठ स्वतः पुढचा दांडा धरून उभे होते. आजी घरातून बाहेर आली, पाण्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि मुलाचा दंड धरून आमराईच्या वाटेला लागली. सगळे म्हणाले, आजी, बसा, बसा. ती थांबली नाही.

"खुर्ची तालमीला," ती म्हणाली. "आज घाई हाय."